मदत हवी आहे: 'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन' – वाचनालयाची वेबसाइट बंद (पीएचपी ५.६ वरून ८.२)

बडोदेकरीण

नमस्कार मंडळी,

बडोद्यात दांडिया बाजार भागात आमच्या मराठी मंडळाचं छोटं वाचनालय आहे. त्याच्या वेबसाइटवर पुस्तकांची यादी असते: दाखल क्रमांक, नाव, लेखक, पुस्तक आत आहे की कुणाकडे गेलंय. बरेच सभासद वयस्कर आहेत. पूर्वी वाड्यांतून, रावपुऱ्यात राहायचे, आता मुलांबरोबर गोत्री, मकरपुरा अशा लांबच्या भागांत गेलेत. ते घरून यादी बघतात आणि पुस्तक आत असेल तरच रिक्षा करून येतात. साइट ज्या भाषेत लिहिली आहे त्या पीएचपीची सर्व्हरवरची ५.६ आवृत्ती होस्टिंग कंपनीने काढून ८.२ टाकली, तेव्हापासून साइट उघडली की नुसतं पांढरं पान. दिवाळी अंकांची नोंदणीही याच साइटवरून होते आणि ती सुरू करायची वेळ आली आहे, म्हणून घाई आहे.

एरर लॉगमध्ये हे दिसतं:

फेटल एरर: अनकॉट एरर: कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएल_कनेक्ट() – कनेक्ट.पीएचपी, ओळ ७

साइट २०११ च्या सुमारास मंडळातल्याच एका मुलाने बांधली होती. तो आता परदेशात असतो, त्याला सारखं विचारणं बरं वाटत नाही. मला एचटीएमएल आणि थोडंफार पीएचपी येतं, कोड वाचला की कळतो. पण कोडचं एक अक्षरही बदललेलं नसताना इतकी वर्षं चालणारं फंक्शन एकाएकी 'अनडिफाइन्ड' (म्हणजे पीएचपीला माहीतच नसलेलं) कसं होतं? कंट्रोल पॅनलमध्ये ७.४ निवडायची सोय दिसते. तिथे परत गेले तर भागेल का? साइट पुन्हा नव्याने बांधून घेण्याइतके पैसे मंडळाकडे नाहीत.

सर्व्हरवाला

ताई, आधी डेटाबेसचा आणि सगळ्या फाइल्सचा बॅकअप घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. बाकीचं त्यानंतर.

तुमच्या कोडमध्ये बिघाड नाही. फंक्शनचं नाव खरं आहे की नाही हे पीएचपी त्या ओळीवर पोचल्यावरच बघतं. मायएसक्यूएल_ ने सुरू होणारी ही सगळी फंक्शनं मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणाऱ्या एका जुन्या एक्स्टेन्शनमधून (पीएचपीला जोडायच्या पुरवणीतून) यायची. २०१३ साली आलेल्या ५.५ मध्ये 'ही आता वापरू नका' असं जाहीर झालं आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मधून ते एक्स्टेन्शनच काढून टाकलं. त्यामुळे ७.४ वर गेलात तरी हीच एरर येणार. शिवाय ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलं आणि ५.६ ला तर २०१८ अखेर. सभासदांचे फोन नंबर त्या डेटाबेसमध्ये असणार. मागे जाऊ नका.

नवीन फंक्शनं मायएसक्यूएलआय_ ने सुरू होतात. पण नुसतं फाइंड-रिप्लेस करून 'आय' घुसवलात तर फसाल, कारण आत द्यायच्या गोष्टींचा क्रम बदललाय. जुन्या मायएसक्यूएल_क्वेरी मध्ये आधी क्वेरी (डेटाबेसला द्यायचा हुकूम), मग कनेक्शन, आणि कनेक्शन दिलंच नाही तरी चालायचं. नव्या मायएसक्यूएलआय_क्वेरी मध्ये आधी कनेक्शन, मग क्वेरी, आणि दोन्ही द्यावीच लागतात. क्वेरी एखाद्या फंक्शनच्या आत असेल तर कनेक्शनचं व्हेरिएबल तिथे आपोआप पोचत नाही, ते आत पाठवावं लागतं. डेटाबेसचं नाव मात्र आता वेगळ्या ओळीत निवडायची गरज नाही, कनेक्ट करतानाच चौथ्या जागी देता येतं.

आणखी एक. फेटल एरर आली की पीएचपी तिथेच थांबतं, म्हणून एका वेळी एकच एरर दिसेल. एक मिटवली की दुसरी. वैतागून जाऊ नका. एडिटरमध्ये अख्खा फोल्डर उघडा आणि 'सगळ्या फाइल्समध्ये शोधा' वापरून मायएसक्यूएल_, ईच(), स्प्लिट(), एरेग(), क्रिएट_फंक्शन() ही नावं कुठे कुठे आहेत ते आधीच टिपून ठेवा. स्प्लिट आणि एरेग ७.० मध्ये गेली, ईच आणि क्रिएट_फंक्शन ८.० मध्ये. 'पीएचपी -एल' ची तपासणी इथे कामाची नाही, ती फक्त व्याकरण बघते. पीएचपीस्टॅन हे कोड न चालवता तपासणारं साधन चालवता आलं तर ते न सापडणारी फंक्शनं एकदम दाखवतं.

हे सगळं साइटच्या कॉपीवर करा. एरर पडद्यावर दाखवायची सेटिंगही फक्त कॉपीवरच चालू ठेवा. चालू साइटवर ती ठेवली तर फाइलींचे पत्ते सगळ्या जगाला दिसतात.

अर्धविराम

वरचं सगळं बरोबर आहे, पण ताईंना नोंदणी लवकर सुरू करायचीय. मायएसक्यूएल_क्वेरी हे नाव आता पीएचपीमध्ये मोकळं आहे. त्याच नावाचं आपलं स्वतःचं फंक्शन लिहायचं, ते आतून मायएसक्यूएलआय_क्वेरी ला योग्य क्रमाने हाक मारेल. अशी सहा-सात छोटी फंक्शनं एका फाइलमध्ये ठेवून ती फाइल सगळ्यांत आधी जोडली की बाकी कोडला हात न लावता साइट उभी राहते. फक्त मायएसक्यूएल_रिझल्ट ला नव्यात थेट जोडीदार नाही, ते जरा हाताने लिहावं लागेल.

सर्व्हरवाला

चालेल, पण नोंदणी संपेपर्यंतच. २०११ चा कोड आहे, म्हणजे शोधपेटीत टाइप केलेले शब्द बहुतेक जसेच्या तसे क्वेरीत जोडलेले असणार. तिथून कुणीही डेटाबेसमध्ये शिरू शकतं. जुन्या नावांची पांघरूण-फाइल ते भोक झाकते, बुजवत नाही.

बडोदेकरीण

दोघांचेही मनापासून आभार. अर्धविराम म्हणतात तशी फाइल केली, कॉपीवर मायएसक्यूएलच्या एरर गेल्या. आता वेगळंच काहीतरी झालंय:

कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन शीर्षक_दाखवा() – इंडेक्स.पीएचपी, ओळ १४

हे तर आमचंच फंक्शन आहे! फंक्शन्स.पीएचपी मध्ये ते मला डोळ्यांना दिसतंय, स्पेलिंग तेच आहे. इंडेक्समध्ये ती फाइल वरच इन्क्लूड केलेली आहे आणि 'फाइल सापडली नाही' अशी तक्रारही नाही. पानाच्या वरच्या बाजूला मात्र काही अर्धवट अक्षरं उमटतात, कंस, स्वल्पविराम, मध्येच 'रिटर्न' असं. पूर्वी हे कधीच दिसलं नव्हतं.

अर्धविराम

ताई, पानावर राइट क्लिक करून 'व्ह्यू सोर्स' बघा. वरती अख्खी फंक्शन्स.पीएचपी मजकूर म्हणून छापलेली दिसेल. फाइलची पहिली ओळ बघा: तिथे कोनी कंस, प्रश्नचिन्ह आणि त्याला लागून 'पीएचपी' असं आहे, की फक्त कोनी कंस आणि प्रश्नचिन्ह?

बडोदेकरीण

फक्त कोनी कंस आणि प्रश्नचिन्ह. आणि हो, सोर्समध्ये अख्खी फाइल दिसतेय.

अर्धविराम

मग सापडलं. तो शॉर्ट टॅग आहे. जुन्या सर्व्हरवर त्याला परवानगी होती, नव्यावर शॉर्ट_ओपन_टॅग बंद आहे. त्यामुळे पीएचपीला ती फाइल मिळते, पण त्यात कोड आहे हे कळत नाही. साधा मजकूर समजून ते ती पुढे ब्राउझरकडे ढकलतं. फंक्शन कधी नोंदलंच जात नाही, म्हणून चौदाव्या ओळीवर 'अनडिफाइन्ड'. सगळ्या फाइल्समधले शॉर्ट टॅग शोधून पूर्ण टॅग करा. सेटिंग चालू करूनही भागेल, पण पुढच्या वेळी सर्व्हर बदलला की पुन्हा हेच.

सर्व्हरवाला

हे आधी करा: डेटाबेसचा पासवर्ड ज्या ज्या फाइलमध्ये आहे तिथे शॉर्ट टॅग आहे का बघा. असेल, तर चालू साइटवर तो पासवर्ड उघड्यावर छापला गेला असणार. असला-नसला तरी पासवर्ड आजच बदला, दोन मिनिटांचं काम आहे.

बडोदेकरीण

कनेक्ट.पीएचपी मध्ये पूर्ण टॅग होता. पासवर्ड तरीही बदलला. टॅग दुरुस्त केल्यावर शीर्षक_दाखवा() सुरळीत चालतंय. पुढची एरर एमबी_सबस्ट्र() ची आली, पण कंट्रोल पॅनलमध्ये एक्स्टेन्शनच्या यादीत एमबीस्ट्रिंगवर टिक नव्हती, ती केल्यावर गेली.

आता एररच नाही, पण मला जास्त धास्ती याची वाटतेय. पान उघडतं आणि मराठीच्या जागी कचरा दिसतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे छोटा गोल आणि त्याला चार टोकं, कधी त्या जागी जपानी येनचं चिन्ह, मग पुन्हा तो ए. ओळीच्या ओळी अशाच. सगळी पुस्तकं अशी दिसतात. एवढी नावं एका निवृत्त शिक्षकांनी रोज संध्याकाळी बसून टंकली होती, ते आता नाहीत. डेटा गेला का?

सर्व्हरवाला

ताई, डेटा जागच्या जागी आहे. निश्चिंत राहा. तुम्ही चिन्हांचं इतकं नेमकं वर्णन केलंत, त्यावरूनच खात्री होते.

देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) तीन बाइटचं असतं. त्यातल्या पहिल्या दोन बाइट बहुतेक ठरलेल्या. लॅटिन-१ (फक्त रोमन लिपीसाठीची जुनी पद्धत) म्हणून वाचल्या तर पहिली तो तिरक्या रेघेचा ए, दुसरी ते चार टोकांचं चलनचिन्ह. दीर्घ वेलांटी, उकार, एक मात्रा, हलन्त हे देवनागरीच्या दुसऱ्या टप्प्यात येतात, त्यांची दुसरी बाइट येनचं चिन्ह होते. म्हणजे तुमचं मराठी शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचलं जातंय.

२०११ च्या कोडने डेटाबेसला 'मी यूटीएफ-८ पाठवतोय' असं कधी सांगितलं नव्हतं. डेटाबेस लॅटिन-१ समजून बाइट साठवायचा आणि तशाच परत द्यायचा, दोन्हीकडून तीच चूक, म्हणून पान बरोबर दिसायचं. आता कनेक्शन यूटीएफ-८ बोलतं, तेव्हा डेटाबेस त्या बाइटचं 'लॅटिनमधून' भाषांतर करून देतो.

आजच्यापुरतं: कनेक्ट झाल्यावर लगेच मायएसक्यूएलआय_सेट_चारसेट मध्ये लॅटिन१ द्या. मराठी परत दिसेल. पण यावर थांबू नका.

कायमचं: नव्या नोंदी बंद ठेवा, कारण योग्य आणि अयोग्य नोंदी मिसळल्या की निवडत बसावं लागेल. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये 'शो क्रिएट टेबल' चालवून कॉलमचा कॅरेक्टर सेट बघा. लॅटिन१ असेल तर डेटाबेसच्या कॉपीवर तो कॉलम आधी बायनरी करा, म्हणजे टेक्स्टचा ब्लॉब, व्हारचारचा व्हारबायनरी. मग तिथून यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) चा टेक्स्ट किंवा व्हारचार करा. मधली बायनरीची पायरी गाळलीत तर डेटाबेस पुन्हा भाषांतर करेल आणि कचराच कायमचा साठेल. कॉलम आधीपासून यूटीएफ८ असेल तर ही पद्धत लागू नाही, मला सांगा, त्याची क्वेरी वेगळी.

शेवटी सेट_चारसेट यूटीएफ८एमबी४ वर न्या.

बडोदेकरीण

लॅटिन१ च निघाला. कॉपीवर तुम्ही सांगितलं तसं केलं. आधी लेखकांचा कॉलम, मग शीर्षकं. सगळं स्वच्छ मराठीत! जोडाक्षरंसुद्धा. चालू डेटाबेसवरही तेच केलं. ग्रंथपाल बाईंना फोनवरून यादी वाचून दाखवली तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

एक छोटी शंका: यादीत पुस्तकाची ओळख शंभर अक्षरांवर तोडलेली असते, तिथे काही ठिकाणी शेवटी काळा चौकोन आणि त्यात प्रश्नचिन्ह येतं.

अर्धविराम

तिथे कुठेतरी साधं सबस्ट्र() राहिलंय. ते बाइट मोजतं, म्हणून तीन बाइटचं अक्षर मधूनच कापतं. एमबी_सबस्ट्र() करा. तरी कधी 'की' ची नुसती 'क' उरेल, कारण त्याच्या हिशेबी वेलांटी हे वेगळं अक्षर. ते नको असेल तर इंट्ल एक्स्टेन्शन चालू करून ग्राफीम_सबस्ट्र() वापरा. मराठीसाठी तेच बरं.

बडोदेकरीण

केलं, छान दिसतंय. शोधपेटीतला लेखक आपोआप सुचवण्याचा भाग अजून बंद आहे. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये 'डॉलर इज नॉट डिफाइन्ड' येतं. हेही पीएचपीचंच का?

अर्धविराम

नाही, ते ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट. डॉलर हे जेक्वेरी या तयार जावास्क्रिप्ट लायब्ररीचं टोपणनाव. साइट एचटीटीपीएस असून जेक्वेरीचा पत्ता साध्या एचटीटीपीचा असेल, तर ब्राउझर ती फाइल अडवतो. पत्ता बदला, आणि ती फाइल तुमच्या स्क्रिप्टच्या आधी जोडलेली आहे ना ते बघा.

बडोदेकरीण

तेच होतं. आता सगळं चालतंय, दिवाळी अंकांची नोंदणी उद्या सकाळी उघडतोय. सर्व्हरवाला दादा, नोंदणी उघडण्याआधी प्रिपेअर्ड स्टेटमेंट (टाइप केलेले शब्द क्वेरीपासून वेगळे पाठवायची पद्धत) करून घेऊ का, की नंतर चालेल? सगळी पानं एका रात्रीत होणार नाहीत.

सर्व्हरवाला

सगळी नकोत. शोधपेटी आणि नोंदणीचा फॉर्म ही दोन पानं आज रात्री करा, कारण तिथे बाहेरचं कुणीही टाइप करू शकतं. पासवर्डमागची पानं दिवाळीनंतर. शोधपेटीची क्वेरी इथे टाका, पासवर्ड वगळून. पहिली मी बदलून देतो, नोंदणीची तुम्ही तिच्याकडे बघून करा.