रि: रि: रि: शनिवारचा तक्ता (आवृत्ती ३): मखर आधी की केबल?

प्रेषक: सचिव
मंडळी, आवृत्ती ३ फाइलमध्ये टाकली आहे. शुक्रवारी छापायला द्यायची, तेव्हा काय ते उद्या रात्रीपर्यंत सांगा. हॉलची किल्ली ८:००, आरती ११:३०, पंगत १२:३०. हे तीन आकडे हलणार नाहीत, बाकी पट्ट्या (एकेका कामाच्या वेळा) हलवा. आणि कृपा करून कोणी आपापली वेगळी फाइल लिस्टवर टाकू नका. गेल्या वर्षीचं पुरे झालं.

प्रेषक: मखर समिती
आमची पट्टी ८:०० ते ९:३० बरोबर आहे. हरकत नाही.

प्रेषक: ध्वनी
माझी आहे. मखर आणि केबल दोन्ही ८:००लाच सुरू दाखवलंय. मागची फळी उभी राहिली की भिंतीपर्यंत हात पोचत नाही, आणि स्टेजचे सॉकेट नेमके तिथेच. आधी केबल, मग फळी. मला ३० मिनिटं लागतील: माइकच्या केबली डावीकडून, विजेच्या उजवीकडून, आणि ओलांडायच्याच झाल्या तर काटकोनात. दोन्ही लांबवर शेजारी-शेजारी टाकल्या की स्पीकर गुणगुणतो, मग सगळे माइकला नावं ठेवतात. वरून गॅफर टेप. डक्ट टेप कोणी आणू नका, तिचा गोंद लाकडावर राहतो.
शिवाय ध्वनिचाचणीला ३० मिनिटं शांतता हवी. ड्रिल चालू असताना नाही जमायचं.

प्रेषक: खजिनदार
‘ओलांडायच्याच झाल्या तर’ म्हणजे काय? गेल्या खेपेला रबरी केबल-कव्हर घेतली होती ना? तीच वापरा. नवीन खर्च मंजूर नाही. कुठलं सॉफ्टवेअरही विकत घ्यायचं नाहीये, २० ओळींच्या कामाला स्प्रेडशीट पुरे.

प्रेषक: नियोजन
ताई, पट्ट्या ठीक आहेत, चूक बाणांत आहे, म्हणजे कोणतं काम कोणानंतर यात. ‘आधी काय’ हा स्तंभ मखरापुढे रिकामा आहे, म्हणून शीटला वाटतं की मखराला कोणाचीच वाट बघायची नाही. ध्वनीवाल्यांचे दोन्ही मुद्दे धरले तर साखळी अशी होते:
केबल ८:०० ते ८:३०, मखर १०:००पर्यंत, त्यानंतर ध्वनिचाचणी १०:३०पर्यंत. पूजेची मांडणी २० मिनिटांची, ती चाचणीच्या पोटात बसते. पण गुरुजींना माइक हवा, म्हणून पूजा १०:३०ला. पूजा ५० मिनिटं, संपणार ११:२०. आरतीआधी हातात १० मिनिटं. आवृत्ती ३ मध्ये ५० दिसतात, त्यातली ४० खोटी आहेत.
आणखी एक. मखराच्या सुरुवातीच्या घरात कोणीतरी ८:०० हाताने टाइप केलंय, त्यामुळे सूत्र पुसलं गेलं. तिथे आधीच्या कामांच्या शेवटांतली सर्वांत उशिराची वेळ यायला हवी, म्हणजे ‘मॅक्स’. शेवट = सुरुवात + मिनिटं भागिले १४४०, कारण शीट एक दिवस म्हणजे १ धरते. एका घरात जरी हाताने आकडा घातला, तरी वरचा उशीर तिथेच अडतो, खाली झिरपत नाही. तक्ता हिरवागार दिसतो आणि हॉलमध्ये आपण घामाघूम.

प्रेषक: सचिव
‘आधी काय’ हा स्तंभ मीच लपवला होता, छापताना कागदात मावत नव्हता. ८:०० मी टाकलेलं नाही.

प्रेषक: मखर समिती
मीही नाही. आणि ९० मिनिटं हा आमचा आकडा आहे, तो बाहेरून कोणी बदलू नये.

प्रेषक: नियोजन
दादा, आकडा तुमचाच राहू द्या, फक्त एकाऐवजी तीन द्या. सगळं सुरळीत झालं तर किती, नेहमी किती, स्क्रूचा डबा घरी राहिला तर किती? समजा ७०, ९० आणि १४०. मधल्याला चारदा धरून बेरीज ५७०, भागिले ६ म्हणजे ९५. उरलेल्या १० मिनिटांतली ५ इथेच गेली.
उपाय तुमच्याच पट्टीत आहे. तिचे दोन तुकडे करा: सांगाडा ६० मिनिटं, कापड-फुलं ३०. ड्रिल फक्त सांगाड्याला लागतं. म्हणजे ध्वनिचाचणी ९:३० ते १०:००, कापड लावता लावता. मग मांडणी १०:२०पर्यंत, पूजा ११:१०पर्यंत, हातात २० मिनिटं.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद
अशा वेळेच्या पट्ट्यांच्या तक्त्याला सगळे गँट चार्ट म्हणतात म्हणून लिहितो. पोलंडच्या कारोल अदामियेत्स्कींनी १८९६ मध्येच असा तक्ता केला होता, ‘हार्मोनोग्राम’. हेन्री गँट यांचे तक्ते १९१०च्या सुमाराचे, पण ते इंग्रजीत होते म्हणून नाव त्यांचं झालं. मुद्दा असा की हार्मोनोग्राममध्ये प्रत्येक कामाची सुटी कागदी पट्टी असायची आणि तिच्यावरच ‘कोणाकडून’ आणि ‘कोणाकडे’ लिहिलेलं असायचं. बाण हरवायची सोयच नव्हती. ताईंनी लपवलेला स्तंभ तो हाच.

प्रेषक: खजिनदार
काका, तीन अंदाजांचं सूत्रही त्यांचंच का?

प्रेषक: ज्येष्ठ सभासद
नाही. ते पर्ट या नियोजन-पद्धतीचं, अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामातून आलेलं, १९५८.

प्रेषक: स्वयंपाकघर
क्षेपणास्त्र राहू द्या, भाताकडे बघा. १२० पानं, माणशी ७५ ग्रॅम, ९ किलो तांदूळ. ३० कपांच्या कुकरमध्ये एका वेळी साडेचार किलो, म्हणजे दोन खेपा. शिजायला ४५, मुरायला १०, मधे उपसायला ५. एकूण ११५ मिनिटं. १२:३०च्या पानासाठी १०:३५च्या आत सुरू व्हायलाच हवं.
तक्त्यात चहाचा अर्न (विजेवर तापणारं मोठं भांडं) आणि भात या दोन सुट्या ओळी आहेत. त्यांचा एकमेकींशी संबंध नाही असं तक्ता म्हणतो, ब्रेकर म्हणतो, संबंध आहे. अर्न १५०० वॉट, कुकर १५५०. २० अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे २४००. दोन्ही एकदम लावले की फट्. डाव्या भिंतीचा सॉकेट वापरा असं कोणी सुचवायच्या आधीच सांगते, तो स्टेजच्याच ब्रेकरवर आहे. अर्न तिथे लावला तर चहाबरोबर माइकही जाईल.

प्रेषक: ध्वनी
डावी भिंत स्टेजच्या ब्रेकरवर आहे हे नक्की? आराखड्यात तसं नाही.

प्रेषक: स्वयंपाकघर
नक्की. शाळेच्या माणसाला बरोबर घेऊन तपासलंय. सॉकेटला टेबललॅम्प लावायचा, तो एकेक ब्रेकर पाडणार, दिवा विझला की मास्किंग टेपवर नंबर लिहून सॉकेटखाली चिकटवायचा. टेप अजून तिथेच असतील. आराखडा कोणी काढला?

प्रेषक: नियोजन
मी काढला. चुकलं. दुरुस्त करतो.
वहिनी, अर्न ते भात असा तुटक बाण घालतोय. कामं एकमेकांवर अवलंबून नाहीत, पण ब्रेकर एकच आहे. अर्न तापायला ७५ मिनिटं धरली आहेत. ८:१५ला लावा. ९:२०नंतर लावलात तर पंगत सरकली म्हणून समजा. तापला की चहा थर्मासमध्ये काढून अर्नचा प्लग काढायचा. ‘वॉर्म’वर ठेवून चालणार नाही, तो मधूनमधून वीज घेतच राहतो.

प्रेषक: मखर समिती
दोन तुकडे चालतील. पण कापड स्टेपल गनने लावतो, तिचा आवाज होणार. शांतता हवी तर सेफ्टी पिना आणा, मोठ्या, ४०.

प्रेषक: ध्वनी
पिना मी आणतो.

प्रेषक: सचिव
आवृत्ती ४ टाकली. सूत्रांची घरं कुलूपबंद केली आहेत. फक्त ‘मिनिटं’ आणि ‘नाव’ भरता येईल. ‘आधी काय’ उघडा ठेवलाय, म्हणून ११ बाय १७च्या कागदावर आडवा छापणार. एक प्रत स्टेजमागे, एक स्वयंपाकघरात. उशीर झाला तर खाडाखोड स्टेजमागच्या प्रतीवर, लाल पेनाने. व्हॉट्सॲपवर नको.

प्रेषक: खजिनदार
ओळ १९, ‘हॉल झाडणे, ४:०० ते ५:००’. नाव रिकामं आहे.

प्रेषक: सचिव
माहीत आहे.