रीबूटनंतर सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्येच अडकतो: दोष कर्नलचा की डिस्कचा?

प्रश्न

नमस्कार. आमच्या लिनक्स सर्व्हरवर एक डेटाबेस आणि त्यावर चालणारे वेब अ‍ॅप्लिकेशन आहे. एका डिस्कवर कार्यप्रणाली असून डेटाबेसची दुसरी डिस्क 'डेटा' या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे तिच्यातील फाइली त्या फोल्डरमध्ये दिसतात. गेल्या आठवड्यात बॅकअपसाठी तिसरी डिस्क जोडली, परंतु तिच्यावर अजून पार्टिशन (वापरासाठीचा विभाग) केलेले नाही. काल कर्नलचे (कार्यप्रणालीच्या गाभ्याचे) अपडेट घेऊन सर्व्हर रीबूट केला आणि तेव्हापासून तो नीट सुरू होत नाही. पडद्यावर 'स्टार्ट जॉब' चालू असल्याची ओळ येते, तिच्या शेजारी सेकंद मोजले जातात, आणि दीड मिनिट झाले की सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जाऊन रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड मागतो. एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) लागत नसल्याने सगळे काम कन्सोलवरूनच करावे लागत आहे. बिघाड अपडेटनंतर लगेच झाल्यामुळे ग्रब या बूट प्रोग्रॅमच्या मेन्यूतून जुना कर्नल निवडून पाहिला, पण परिणाम तोच. कार्यप्रणाली नव्याने टाकावी, असे एका सहकाऱ्याचे मत आहे. डेटा हातचा जाईल या भीतीने ते करण्याआधी येथे विचारत आहे.

पहिले उत्तर

कृपया कार्यप्रणाली नव्याने टाकू नका. जुन्या कर्नलवरही तीच अडचण आली, याचाच अर्थ दोष बहुधा कर्नलमध्ये नाही. दीड मिनिटाची जी वाट आपण पाहिली, ती सिस्टमडीची, म्हणजे बूट होताना सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, ठरावीक मुदत आहे: कोणती डिस्क कोठे माउंट करायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये नोंदवलेले एखादे डिव्हाइस सापडले नाही, तर सिस्टमडी त्यासाठी 90 सेकंद थांबतो, आणि तेवढ्या वेळात ते न मिळाल्यास स्थानिक फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली साठवण्याच्या रचना) अपुऱ्या आहेत असे मानून इमर्जन्सी मोडमध्ये जातो.

माझा अंदाज असा आहे की डेटाबेसच्या डिस्कची नोंद आपण 'एसडीबी1' ('एसडीबी' डिस्कचे पहिले पार्टिशन) अशा नावाने केलेली असावी. ही नावे कर्नलला डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने दिली जातात आणि ती कायम राहतील याची कोणतीही हमी नसते. नवी डिस्क जोडल्यानंतरचा हा पहिलाच रीबूट असेल, तर नवी डिस्क 'एसडीबी' झाली, जुनी 'एसडीसी'वर सरकली आणि नव्या डिस्कवर पार्टिशनच नसल्यामुळे 'एसडीबी1' अस्तित्वात राहिले नाही. नव्या डिस्कवर आधीच पार्टिशन आणि फाइल सिस्टिम असती, तर तीच चुकून 'डेटा'वर माउंट झाली असती, आणि तो घोटाळा शोधणे यापेक्षा पुष्कळ कठीण गेले असते.

रूटने लॉगिन करून बूटच्या नोंदी (जर्नल) दाखवणारी 'जर्नलसीटीएल' ही कमांड 'एक्सबी' पर्यायासह चालवा आणि 'टाइम्ड आउट' हे शब्द कोणत्या डिव्हाइसच्या नावापुढे आले आहेत ते पाहा. त्यानंतर 'एलएसबीएलके' कमांड 'एफ' पर्यायासह दिल्यास प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) दिसेल. तो फाइल सिस्टिमवरच लिहिलेला असतो, म्हणून डिस्कचा क्रम बदलला तरी बदलत नाही. एफएसटॅबमध्ये डिव्हाइसच्या नावाऐवजी तो लिहा. फाइल जतन होत नसेल, तर मूळ फाइल सिस्टिम केवळ वाचनासाठी माउंट झालेली आहे असे समजून तिला 'रीमाउंट' पर्यायाने लेखनक्षम करून घ्या. रीबूट करण्यापूर्वी 'फाइंडएमएनटी'च्या 'व्हेरिफाय' पर्यायाने नोंदी तपासून घ्याव्यात, म्हणजे एखाद्या अक्षराच्या चुकीसाठी पुन्हा कन्सोलसमोर बसण्याची वेळ येणार नाही.

प्रश्नकर्ता

आपला अंदाज तंतोतंत खरा ठरला. जर्नलमध्ये 'एसडीबी1'चेच नाव होते आणि डेटाबेसची डिस्क 'एसडीसी' म्हणून दिसत होती. यूयूआयडी लिहिल्यावर सर्व्हर पूर्ववत सुरू झाला असून डेटा सुरक्षित आहे. मनापासून आभार. पुढे कधी ही डिस्क खरोखरच निकामी झाली, तरी निदान एसएसएच लागावे म्हणून एफएसटॅबमध्ये 'नोफेल' हा पर्याय लिहिण्याचा विचार आहे. ते योग्य ठरेल का?

दुसरे उत्तर

एसएसएचपुरते पाहिले तर योग्य आहे, परंतु डेटाबेसच्या डिस्कला केवळ 'नोफेल' लावून थांबणे धोक्याचे आहे. हा पर्याय दिला की बूट त्या डिस्कसाठी अडून राहत नाही. डिस्क माउंट झालेली नसताना डेटाबेसची सेवा सुरू झाली, तर तिला 'डेटा' हे फोल्डर रिकामे दिसते. पोस्टग्रेएसक्यूएल अशा वेळी सुरू होण्यास नकार देतो. मात्र मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसच्या काही पॅकेजेसमध्ये फोल्डर रिकामे असल्यास तेथे कोरा डेटाबेस तयार केला जातो. मग सर्व्हर वरवर निरोगी दिसतो आणि नव्या नोंदी कार्यप्रणालीच्या डिस्कवर साठत राहतात. पुढे खरी डिस्क माउंट झाली की त्या नोंदी तिच्याखाली झाकल्या जातात. दोन ठिकाणी विभागलेला असा डेटा पुन्हा जुळवण्याचे काम मी केलेले आहे, म्हणून हे आग्रहाने सांगत आहे: सेवा बंद पडलेली परवडते, चुकीच्या जागी चालू राहिलेली परवडत नाही.

यासाठी 'सिस्टमसीटीएल एडिट'ने डेटाबेसच्या सेवेची पूरक फाइल उघडून तिच्या 'युनिट' विभागात 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' ही ओळ लिहावी आणि तिच्यापुढे 'डेटा' फोल्डरचा पूर्ण मार्ग द्यावा. त्यामुळे डिस्क माउंट होईपर्यंत सेवा थांबून राहते आणि माउंट अयशस्वी झाल्यास सुरूच होत नाही, पण एसएसएच आणि बाकीची यंत्रणा चालू राहते. 90 सेकंदांची वाट लांब वाटत असेल, तर एफएसटॅबच्या त्याच ओळीत डिव्हाइससाठीची मुदत कमी करता येते.

तिसरे उत्तर

आपल्याकडे रूटचा पासवर्ड चालला, परंतु उबंटूसारख्या प्रणालींवर रूटचे खाते सहसा बंद असते आणि इमर्जन्सी मोडमध्ये खाते बंद असल्याचा संदेश येऊन सगळे तेथेच अडते. त्या वेळी ग्रबमध्ये 'ई' दाबून 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट' (बूटनंतर सर्वप्रथम चालणारा प्रोग्रॅम) म्हणून 'बॅश' या कमांड शेलचा मार्ग द्यावा, 'कंट्रोल' आणि 'एक्स' दाबून बूट करावे आणि मूळ फाइल सिस्टिम लेखनक्षम करून एफएसटॅब दुरुस्त करावी. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो.

प्रश्नकर्ता

'नोफेल' आणि 'रिक्वायर्समाउंट्सफॉर' हे दोन्ही बदल केले. खात्रीसाठी बॅकअप घेऊन सर्व्हर बंद केला, डेटाबेसची डिस्क काढली आणि मुद्दाम तसाच सुरू करून पाहिला. एसएसएच लागले, डेटाबेसची सेवा 'डिपेंडन्सी फेल्ड' या नोंदीसह थांबलेली होती आणि 'डेटा' फोल्डरमध्ये एकही नवी फाइल तयार झाली नव्हती. डिस्क पुन्हा जोडून रीबूट केल्यावर सर्व सेवा सुरू झाल्या. बॅकअपच्या डिस्कवर आज पार्टिशन करत आहे. तिची नोंदही यूयूआयडीनेच करेन.