इलियडमधला खरा वीर कोण? माझं मत हेक्टरला

रानवाट (धागाकर्ता)
ट्रॉयच्या युद्धाचं नाव काढलं की सगळ्यांना पहिला आठवतो तो ग्रीकांच्या बाजूचा अकिलीस. मला हे अजिबात पटत नाही. होमरचं इलियड, म्हणजे त्या युद्धावरचं ग्रीक महाकाव्य, सलग वाचून काढलं की दिसतं काय, तर हा माणूस पहिल्याच सर्गात रुसून बसतो. ग्रीकांच्या सरसेनापती अ‍ॅगमेम्नॉनने त्याच्या वाट्याला आलेली बंदिवान ब्रिसेइस काढून घेतली, भर सभेत अपमान केला, हे सगळं मान्य. पण मग हा आईला म्हणजे थेटिस या जलदेवीला सांगतो की देवांचा राजा झ्यूस याच्याकडे जा आणि ट्रॉयवाल्यांना जिंकू दे, म्हणजे माझ्यावाचून यांचं किती अडतं ते कळेल. स्वतःच्याच बाजूची माणसं मरावीत अशी मागणी करणारा वीर कसा काय?

आता ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर बघा. युद्ध त्याने ओढवलेलं नाही, धाकट्या भावाने ग्रीक राजाच्या बायकोला, हेलनला आणलं आणि निस्तरतोय हा. सहाव्या सर्गात वेशीपाशी बायको अँड्रोमाकी त्याला गाठते, दाईच्या कडेवर त्यांचा लहानगा अस्तियानाक्स. हेक्टर पोराला घ्यायला हात पुढे करतो आणि शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा हलता तुरा बघून पोर किंचाळत दाईच्या छातीत तोंड खुपसतं. आईबाप दोघं हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो, पोराला उचलून मुका घेतो आणि प्रार्थना करतो की हा माझ्याहून सरस निघाला असं लोकांनी म्हणावं. त्याआधी दोनच मिनिटांपूर्वी त्याने बायकोला सांगितलेलं असतं की ट्रॉय एक दिवस पडणार हे मला ठाऊक आहे. ठाऊक आहे तरी जातो. स्वतःसाठी लढणं आणि आपल्या माणसांसाठी लढणं यात फरक आहे आणि माझ्या लेखी दुसरंच वीरत्व. तुमचं मत मांडा, विरोधी असेल तर जास्तच बरं.

अनुराधा_प
+१. हेक्टरच. आणि त्याच सर्गातली अँड्रोमाकी लोक फक्त रडणारी बायको म्हणून लक्षात ठेवतात याचा मला राग येतो. तिचे वडील आणि सात भाऊ अकिलीसने एकाच मोहिमेत मारलेत, ती म्हणते की आता तूच माझा बाप, आई, भाऊ आणि नवरा. आणि नुसती गयावया करत नाही, अंजिराच्या झाडापाशी तट चढायला सोपा आहे, तिथे तीनदा चढाई झालीय, सैन्य तिथे उभं कर असं नेमकं सांगते.

काळा_कातळ
साफ असहमत. आणि अनुराधाताई, तुमचाच मुद्दा हेक्टरच्या विरुद्ध जातो. बायकोने दिलेला शहाणा सल्ला त्याने ऐकला का? नाही. म्हणाला, मागे राहिलो तर ट्रॉयच्या लोकांसमोर मला लाज वाटेल. हाच प्रकार अठराव्या सर्गात परत होतो. अकिलीस परत लढायला उतरणार हे उघड झाल्यावर ट्रॉयचाच पॉलिडामस रात्री सभेत सांगतो की आत्ताच्या आत्ता तटाच्या आत चला, आतून लढू. हेक्टर त्याला सगळ्यांदेखत झापतो आणि सैन्य उघड्या मैदानात ठेवतो. होमर तिथे स्वतः म्हणतो की हेक्टरच्या वाईट सल्ल्याला टाळ्या पडल्या आणि शहाणं बोलणाऱ्या पॉलिडामसची बाजू एकानेही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी कत्तल झाली. मग बाविसाव्या सर्गात हा वेशीबाहेर एकटा उभा राहून काय विचार करतो, की आत गेलो तर पॉलिडामस मला बोल लावेल, माझ्या आडमुठेपणाने लोक मेले असं म्हणतील, त्यापेक्षा मेलेलं बरं. वर तटावरून म्हातारा बाप केस उपटत हाका मारतोय, आई छाती उघडी करून विनवतेय. शहर वाचवायचं होतं तर आत जायला हवं होतं. तो मेला तो अब्रूसाठी, शहरासाठी नाही. मग अकिलीसमध्ये आणि त्याच्यात इतका कसला फरक?

रानवाट (धागाकर्ता)
कातळसाहेब, चूक त्याच्याकडून झाली हे तो स्वतः मान्य करतो, तेच तर मी म्हणतोय! माझ्या बेफिकिरीने माणसं गेली असं तो स्वतःशी कबूल करतो आणि त्याची किंमत मोजायला उभा राहतो. अकिलीसच्या हट्टापायी कितीतरी ग्रीक मेले, पण जिवलग मित्र पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून जाईपर्यंत त्याला कशाचं काही वाटलं? आणि नंतर जे केलं ते तर वाचवत नाही. एकविसाव्या सर्गात लायकाओन नावाचा, ट्रॉयचा राजा आणि हेक्टरचा बाप प्रायम याचा पोरगा निःशस्त्र, गुडघे धरून गयावया करतोय. त्याला हा म्हणतो, मित्रा तूही मर, रडतोस कशाला, तुझ्याहून चांगला पॅट्रोक्लससुद्धा मेलाच की. आणि मारून नदीत फेकतो. नदीत इतकी प्रेतं टाकली की नदीचा देवच चिडून त्याच्या अंगावर धावून आला. पुढे पॅट्रोक्लसच्या चितेवर १२ ट्रॉयचे तरुण पकडून आणून कापले, युद्धात नव्हे, बळी म्हणून. हेक्टरच्या घोट्यांना भोकं पाडून वाद्या ओवल्या आणि रथामागे फरफटत नेलं. एवढं सगळं वाचून कोणी त्याला वीर म्हणत असेल तर मला ते समजून घ्यायचंय.

सह्यकडा
शिवाय अकिलीसचं शौर्य ते कसलं, टाच सोडून त्याला कुठे काही लागतच नव्हतं ना? ज्याला मरणाची भीतीच नाही त्याने लढण्यात काय विशेष.

पुस्तकवेडी
सह्यकडा, ते टाचेचं होमरमध्ये कुठेच नाही. थेटिसने बाळाला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवलं, टाच तेवढी कोरडी राहिली, ही गोष्ट आपल्यापर्यंत आलेल्या साहित्यात पहिल्यांदा सापडते ती स्टेशियस या रोमन कवीकडे, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे होमरनंतर काही शतकांनी. इलियडमध्ये अकिलीसला सरळ जखम होते. ट्रॉयच्या बाजूचा अ‍ॅस्टेरोपेयस दोन्ही हातांनी एकदम भाले फेकतो आणि त्यातला एक अकिलीसच्या उजव्या कोपराला चाटून जातो, रक्त येतं. आणि मरणाचं म्हणाल तर अख्ख्या काव्यात मरण ज्याला सगळ्यात स्पष्ट दिसतंय तो हाच. नवव्या सर्गात तो सांगतो की माझ्यापुढे दोन वाटा आहेत, इथे राहून लढलो तर घरी परतणं नाही पण कीर्ती कायमची, आणि घरी गेलो तर कीर्ती नाही पण आयुष्य लांब. अठराव्यात थेटिस रडत रडत सांगते, हेक्टरच्या पाठोपाठ लगेच तुझं मरण आहे. त्यावर तो म्हणतो, मग आत्ताच येऊ दे, मित्र मरत होता तेव्हा मी कामाला आलो नाही.

हेक्टरला निदान शेवटपर्यंत आशा होती. याला नव्हती. मी धागाकर्त्यांच्या विरुद्ध बाजूला, ठामपणे. सॉक्रेटिसवर इ.स.पू. ३९९ मध्ये खटला चालला तेव्हा, निदान प्लेटोने त्याचं जे भाषण दिलंय त्यात, मरणाला न घाबरता योग्य ते करण्याचं उदाहरण म्हणून त्याने हाच प्रसंग सांगितला. थेटिसचा मुलगा धोक्याला जुमानला नाही, असं. हेक्टरचं उदाहरण नाही दिलं.

अनुराधा_प
पण त्याच प्लेटोने रिपब्लिकमध्ये अकिलीसवर टीकेची झोड उठवलीय की. धाय मोकलून रडतो, भेटी आणि खंडणी घेतो, प्रेत फरफटवतो, चितेवर माणसं मारतो, अशा गोष्टी पोरांना सांगू नका, असं म्हणतो. म्हणजे ग्रीकांनाही हे खुपत होतंच. आपण आत्ताची नीतिमत्ता लावतोय असं कोणी म्हणू नका.

जुनी_वेस
मला दोन्ही बाजूंना सांगायचंय की चांगला माणूस कोण या मापाने ग्रीक वीर मोजलेच जात नव्हते. हेराक्लीसने वेडाच्या भरात स्वतःची मुलं मारली आणि तरी ग्रीकांचा सर्वात मोठा वीर तोच. हे वीर नुसते गोष्टीतले नव्हते, त्यांच्या थडग्यांवर बळी दिले जायचे, पूजा व्हायची, कारण मेल्यावरही त्यांची ताकद त्या मातीत राहते, तिचा फायदा होतो आणि कोप झाला तर नुकसान होतं, अशी श्रद्धा होती.

एक उदाहरण देतो, पॉसेनियस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने लिहून ठेवलेलं. अ‍ॅस्टिपालिया बेटावरचा क्लिओमेडीस नावाचा मुष्टियोद्धा, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा. ऑलिंपिकमध्ये त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला, पंचांनी विजय काढून घेतला, त्या दुःखात त्याचं डोकं फिरलं. गावी परत येऊन त्याने शाळेच्या छताला आधार देणारा खांब ओढून पाडला, छत सुमारे ६० मुलांवर कोसळलं. लोक दगड घेऊन मागे लागले तेव्हा हा अथेनाच्या देवळात एका पेटीत शिरला आणि आतून झाकण धरून बसला. लोकांनी पेटी फोडली तर आत कोणीच नाही, जिवंत नाही की मेलेला नाही. डेल्फीच्या देववाणीला विचारायला गेले तर उत्तर आलं, हा शेवटचा वीर, आता तो मर्त्य राहिला नाही, त्याला बळी द्या. आणि बेटावरचे लोक तेव्हापासून देत राहिले. इथे नीती कुठे शोधणार? वीर म्हणजे माणसाच्या मर्यादेबाहेर गेलेला, चांगल्या दिशेने किंवा भयंकर दिशेने. या मापाने अकिलीस बसतो. हेक्टर फार माणसातला आहे.

रानवाट (धागाकर्ता)
जुनी_वेस, माहिती जबरदस्त आहे पण निष्कर्ष पटला नाही. बेटावरच्या लोकांनी भीतीपोटी कोणाला पुजलं म्हणून मी आज त्याला वीर का मानू? आणि होमरने काय केलंय ते बघा. चोवीस सर्गांचं काव्य सुरू होतं अकिलीसच्या रागाने, पण संपतं कोणावर? हेक्टरच्या अंत्यविधीवर. शेवटची ओळच ती आहे, घोडे माणसाळवणाऱ्या हेक्टरला त्यांनी असं दफन केलं. ग्रीक कवी, ग्रीक श्रोते, आणि शेवटचा मान शत्रूला. अकिलीसचं मरणसुद्धा काव्यात येत नाही.

काळा_कातळ
आणि तो अंत्यविधी झाला कोणामुळे? प्रेत दिलं अकिलीसने. हेक्टरचं पुण्यवान चित्र रंगवणाऱ्यांनी सतरावा सर्ग परत वाचा. पॅट्रोक्लस मेल्यावर हेक्टर त्याच्या प्रेताला ओढत होता ते मुंडकं कापून धड कुत्र्यांना घालायला. अठराव्यात तर ते मुंडकं खांबावर रोवायचा बेत होता असं आहे. जमलं नाही कारण ग्रीक योद्धा अजॅक्स आडवा आला. आणि हाच माणूस बाविसाव्यात मरताना म्हणतो माझं प्रेत घरच्यांना दे.

रानवाट (धागाकर्ता)
सातव्या सर्गात द्वंद्वाआधी त्यानेच सगळ्यांसमोर अट घातली होती की जिंकलो तर प्रेत परत देईन, मग अजॅक्सशी लढून झाल्यावर भेटींची देवाणघेवाण करून दोघं वेगळे झाले. दहा वर्षं चाललेल्या युद्धात माणूस बिघडत जातो, हेक्टरही बिघडला, हे मी नाकारत नाही. पण बेत आणि कृती एका तराजूत घालू नका. १२ तरुण प्रत्यक्ष कापले गेले.

पुस्तकवेडी
सगळे चोविसाव्या सर्गावरून घाईने पुढे जाताय, तिथे जरा थांबा ना. प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत येतो, ज्या हातांनी आपली पोरं मारली त्याच हातांचं चुंबन घेतो आणि म्हणतो, तुझ्या वडिलांना आठव, तेही माझ्याच वयाचे. अकिलीसला आठवतं की बाप पेलेउस घरी एकटा म्हातारा होतोय आणि आपण परतणार नाही. दोघंही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा बापासाठी आणि पॅट्रोक्लससाठी. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पुढचं बघा. अकिलीस दासींना सांगतो की प्रेत बाजूला नेऊन धुवा, म्हाताऱ्याच्या नजरेला पडू देऊ नका, कारण मुलाला बघून त्याचा संताप उसळला तर माझाही उसळेल आणि मी याला मारून बसेन. स्वतःचा स्वभाव पूर्ण ओळखून केलेली तजवीज आहे ती! मग प्रेत तो स्वतःच्या हाताने उचलून तिरडीवर ठेवतो. प्रायमला आग्रहाने जेवायला घालतो. अंत्यविधीला किती दिवस हवेत ते विचारतो आणि मागितले तेवढे, अकरा दिवस, आपलं सैन्य थांबवून धरतो. अ‍ॅगमेम्नॉनला विचारतही नाही.

हेक्टर जसा सुरुवातीला तसाच शेवटी, चांगला माणूस. अकिलीस त्या सगळ्या रक्तातून चालत इथपर्यंत येतो. मला हे जास्त अवघड वाटतं म्हणून जास्त मोठं वाटतं.

सह्यकडा
हे आवडलं. म्हणजे आपल्याकडे कर्ण-अर्जुन वादात जसं

काळा_कातळ
सह्यकडा, विनंती आहे, कर्ण इथे नको, ट्रॉय बाजूला राहील आणि पुढचे दोनशे प्रतिसाद त्यावरच येतील.

रानवाट (धागाकर्ता)
पुस्तकवेडी, चोविसावा सर्ग वाचताना मीही रडतो, त्यात दुमत नाही. पण एका रात्रीची करुणा आधीच्या सगळ्यावर पांघरूण घालू शकत नाही. होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीच्या अकराव्या सर्गात, मेलेला अकिलीस त्याचा नायक ओडिसियसला सांगतो की मृतांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरीब कुळाच्या शेतावर गडी म्हणून राबणं पत्करेन. ज्या कीर्तीसाठी हे सगळं केलं तिची त्याच्याच तोंडून अशी किंमत होते. आणि त्यानंतर लगेच विचारतो काय तर मुलगा कसा लढतो. निओप्टोलेमसने किती माणसं मारली हे ऐकून तो आनंदाने ढांगा टाकत निघून जातो. कोण हा निओप्टोलेमस? पुढच्या कथांमध्ये ज्याने प्रायमला झ्यूसच्या वेदीवर मारलं तोच. ज्या म्हाताऱ्याला बापाने जेवू घातलं त्याला मुलाने कापलं.

जुनी_वेस
हेक्टरच्या बाजूने एक गोष्ट माझ्याकडून. पॉसेनियसच थीब्जच्या वर्णनात लिहितो की देववाणीनुसार हेक्टरची हाडं ट्रॉयहून तिथे आणली आणि इडिपसच्या नावाच्या झऱ्यापाशी पुरली. शहरात संपत्ती नांदायला हवी असेल तर हेक्टरला आणून वीर म्हणून पुजा, असा आदेश होता. म्हणजे ग्रीक शहराने आपल्या भरभराटीसाठी ट्रॉयचा माणूस मागितला. माझं मत अजून अकिलीसलाच, पण हे सांगायलाच हवं होतं.

अनुराधा_प
बघा! शहराच्या भल्याची वेळ आली तेव्हा थीब्जवाल्यांना अकिलीस नाही आठवला.

काळा_कातळ
ताई, अकिलीसची पूजा काळ्या समुद्रातल्या ल्यूके बेटावर शतकानुशतकं चालली, खलाशी त्याच्याकडे सुखरूप प्रवास मागायचे, आणि इ.स.पू. ३३४ मध्ये अलेक्झांडर आशियात उतरला तेव्हा मान द्यायला गेला तो अकिलीसच्याच थडग्यापाशी. एका झऱ्यावर निकाल लावू नका. पॉलिडामसच्या मुद्द्याला अजून कोणी सरळ उत्तर दिलेलं नाही, ते आधी द्या, मग पुढे बोलू.