शाळेच्या टीमला बेसबॉलमधले कोणते गाजलेले क्षण दाखवावे?

पीटी_सर_दारव्हा:
नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीचे सोळा पोट्टे-पोट्टी सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच, लहान मैदानावरचा खेळ) शिकत आहेत. पावसात मैदानावर काळ्या मातीचा चिखल होतो, तेवढे दिवस वर्गात प्रोजेक्टरवर मेजर लीगचे (अमेरिकेतली बेसबॉलची मोठी लीग) जुने क्षण दाखवायचे आहेत. नुसते होमरन (क्रिकेटमधल्या सिक्सरसारखे फटके) नकोत. टाळ्या पडतात अन् विषय तिथंच संपतो. मैदान सुकलं की करून घेता येईल असं काही सुचवा. सगळे क्रिकेटवर वाढलेले आहेत.

तिसरा_बेस:
सर, सुरुवात जायंट्सच्या विली मेजपासून करा. २९ सप्टेंबर १९५४, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगची फायनल, आधी चार सामने जिंकेल तो विजेता) पहिला सामना. जायंट्स अन् क्लीव्हलंड २-२ रनांवर, आठवी इनिंग (सामना नऊ इनिंगचा, बरोबरी झाली तर पुढं), एकही आउट नाही, क्लीव्हलंडचे रनर पहिल्या अन् दुसऱ्या बेसवर (बेस म्हणजे पळत गाठायचे चार टप्पे, चौथा गाठला की रन). क्लीव्हलंडच्या विक वर्ट्झनं मारलेला बॉल चारशे फुटांहून लांब गेला. क्रिकेटची बाउंडरी जास्तीत जास्त ९० यार्ड, म्हणजे २७० फूट, हे आधी सांगा, म्हणजे पोरांना अंतर कळेल. मेज बॉलकडं पाठ करून भिंतीच्या दिशेनं पळाला अन् खांद्यावरून आलेला बॉल त्यानं ग्लोव्हमध्ये घेतला.

क्लिप इथं थांबवू नका. क्रिकेटमध्ये कॅच झाला की बॉल डेड. इथं तो जिवंत असतो, अन् कॅच झाल्यावर रनर आपल्या बेसला पाय लावून पुढं पळू शकतो. मेजनं त्याच झोकात गर्रकन वळून फेक केली, टोपी उडाली, स्वतःही पडला. त्या फेकीमुळं लॅरी डोबी दुसऱ्यावरून तिसऱ्यापर्यंतच जाऊ शकला अन् अल रोझेन पहिल्यावरच राहिला. क्लीव्हलंडला त्या इनिंगमध्ये रन मिळाला नाही. जायंट्सनी दहाव्या इनिंगमध्ये सामना ५-२ नं घेतला, सिरीज ४-० नं. माझ्या मते कॅचपेक्षा ती फेक मोठी.

सराव असा: पोरगं तुमच्याकडं तोंड करून उभं. हातानं डावी किंवा उजवी बाजू दाखवा, त्या बाजूचा पाय आधी मागं पडला पाहिजे, मग वळून धाव, अन् मग तुम्ही बॉल डोक्यावरून टाकायचा. उलट्या पावली पळू देऊ नका. टाच अडकून पोरगं पडतं, शिवाय डोकं हलतं अन् बॉल नाचताना दिसतो. दहा कॅचचा एक सेट. लगेच दुसऱ्या बेसवर फेक आली नाही तर तो कॅच मोजायचा नाही.

शॉर्टस्टॉप_अकोट:
बराबर सांगतलं भाऊनं. दुसरा क्षण रेड सॉक्सच्या डेव्ह रॉबर्ट्सचा दाखवा. १७ ऑक्टोबर २००४, बॉस्टन. वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या सिरीजमध्ये रेड सॉक्स यँकीजच्या मागं ०-३ सामन्यांनी, हा सामना गेला तं सिरीज गेली. नववी इनिंग, रेड सॉक्स ३-४ नं मागं. यँकीजचा पिचर (बॉल टाकणारा) रिव्हेरानं केव्हिन मिलारला वॉक (चार बॉल बाहेर टाकले की फुकटात पहिला बेस) देल्ला अन् मिलारच्या जागी पळाले रॉबर्ट्स आला. तो दुसरा बेस चोरणार (हिट नसतानाच पळून गाठणार) हे साऱ्या मैदानाले ठाऊक होतं. रिव्हेरानं तीनदा पहिल्या बेसवर फेकून त्याले डांबून ठेवाचा प्रयत्न केला. बॅटरले टाकलेल्या पहिल्याच पिचवर गडी सुटला. कॅचर (बॅटरच्या मागचा, कीपरसारखा) पोसाडाची फेक, जीटरचा टॅग (हातातल्या बॉलनं रनरले शिवणं), अन् थोडक्यात सेफ! मग बिल म्युलरच्या हिटवर ४-४, बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिझचा होमरन, ६-४. पुढचे तिन्ही सामने जिंकले, अन् १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज आणली.

हिशेब फळ्यावर लिहा. पिचरच्या हालचालीपासून बॉल कॅचरकडं जायले साधारण १.३ सेकंद, कॅचरपासून दुसऱ्या बेसवर साधारण २. झाले ३.३. बेसमधलं अंतर ९० फूट, पण रनर १०-१२ फूट आधीच पुढं उभा असते. राह्यलेलं अंतर त्याच वेळात कापा लागते. मोबाइलवर वेळ लावून पोट्टे सोताच पाहतीन.

एक जपा सर. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर, अन् पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत पाय बेसवरच पाह्यजे. रॉबर्ट्ससारखं आधीच पुढं सरकाची सवय लागली तं मॅचमध्ये आउट देतीन. फक्कीनं बेसजवळ रेघ मारून द्या अन् "हात सुटला, पाय सुटला" असं बोलत पळवा.

पीटी_सर_दारव्हा:
दोन्ही पक्के. १९८६ चा रेड सॉक्सचा बिल बकनर दाखवावा का? त्याच्या पायांमधून बॉल निघून गेला अन् सामना गेला, तो.

तिसरा_बेस:
दाखवा, पण नुसता पायांमधून गेलेला बॉल नको. २५ ऑक्टोबर १९८६, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, दहावी इनिंग. रेड सॉक्स मेट्सच्या पुढं ५-३, दोन आउट, कोणी बेसवर नाही. तिथून कार्टर, मिचेल, नाइट अशा लागोपाठ तीन हिट, ५-४. मग रेड सॉक्सचा पिचर बॉब स्टॅन्लीचा वाइल्ड पिच (कॅचरला न सापडणारा बॉल), अन् ५-५. बकनरची चूक त्यानंतरची. मेट्सच्या मूकी विल्सनचा तो बॉल अडवून आउट केला असता तरी सामना अकराव्या इनिंगमध्ये गेला असता, अन् सातवा सामना बाकीच होता. तोही रेड सॉक्स ५-८ नं हरले. बकनरचे घोटे दुखावलेले होते अन् अशा वेळी त्याच्या जागी बहुतेकदा राखीव खेळाडू स्टॅपल्टन उतरायचा, त्या रात्री उतरवला नाही. सारं खापर एकाच माणसावर फुटलं, हे पोरांना नक्की सांगा. तुमच्याकडंही कुणाच्या तरी हातून बॉल सुटणारच आहे.

तंत्र एवढंच: सरपटी बॉलला ग्लोव्ह आधी मातीला टेकवायचा, मग गरज पडली तर वर उचलायचा. वरचा ग्लोव्ह ऐनवेळी खाली नेला तर बॉल खालून निघून जातो. क्रिकेटसारखा गुडघा टेकवू देऊ नका, फेकीला उशीर होतो. पाय खांद्यांपेक्षा रुंद, ढुंगण खाली, अन् नजर बॉल ग्लोव्हमध्ये शिरेपर्यंत. शेवटच्या क्षणी मान वर होते, तिथंच बॉल सुटतो.