मदत हवी आहे: दुधीवर पांढरी भुकटी, वांग्यावर जाळी, जास्वंदीवर कापूस. घरगुती फवारणी कोणती करू?

ओवी_पुणे

नमस्कार मंडळी,

पुण्यात चौथ्या मजल्यावर गच्ची आहे. ग्रो बॅगा आणि कापलेल्या जुन्या पिंपांत भाज्या लावते. सध्या मांडवावर दुधी आणि काकडी, खाली वांगी, मिरच्या, कठड्याशी लाल जास्वंद. डिसेंबरपर्यंत सगळं हिरवंगार होतं. थंडी पडली आणि एकदम तीन बाजूंनी हल्ला.

१. दुधीच्या पानांवर पांढरे गोल ठिपके. पिठाचं बोट टेकवावं तसे. बोटाने पुसले तर निघतात, पण खाली पान पिवळट राहतं आणि पुन्हा ठिपके येतात. आधी खालची, सावलीतली पानं, आता वर चढतंय. काकडीवर थोडंसं.

२. वांग्याची पानं फिकी, सुईने टोचल्यासारखी दिसतात. पानामागे अगदी बारीक जाळं.

३. जास्वंदीच्या शेंड्यांना पांढरा कापूस, मुंग्यांची रांग, आणि खालची पानं काळी-चिकट.

शिवाय दुधीवर पिवळेधमक छोटे भुंगे फिरतात. ते पण मारायचे का?

मुलं काकडी वेलावरूनच तोडून खातात, म्हणून दुकानातलं औषध नको. वाचून झालेले उपाय: खायचा सोडा, आंबट ताक, नीम तेल, लसूण-मिरचीचा अर्क, तंबाखूचं पाणी, भांडी घासायचं लिक्विड. हे सगळं एकाच बाटलीत घालून मारलं तर एका दमात काम होईल का? गोमूत्र नको, खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालतात.

चिंचगूळ

सोडा आणि ताक एकत्र नका घालू हो! फसफसून जाईल. आंबटाने सोडा मेला आणि सोड्याने आंबटपणा, हातात खारट पाणी. आमच्याकडे आजी ताक तांब्याच्या भांड्यात आठवडाभर ठेवून मिरचीवर मारायची. मला प्रमाण विचारू नका, ती "नाकाला कळतं" म्हणायची.

निफाडकर

ताई, फोटो टाका. पण वर्णनावरून दुधीवर भुरी आहे. डावणी नाही. दोन्ही पानांवरचे रोग. आम्ही द्राक्षवाले या दोघींसोबतच जगतो, म्हणून सांगतो. भुरी पानाच्या वरच्या अंगाला पांढरी, पुसली तर निघते. डावणीला वरून तेलकट-पिवळे डाग पडतात, काकडीवर तर शिरांच्या मधे चौकोनी, आणि पान उलटं केलं की खाली राखाडी लव. पुसून जात नाही. औषधं वेगळी, हवामानही वेगळं. डावणीला पान ओलं राहायला लागतं. भुरीला नाही. हवेत दमटपणा, रात्री गारवा, दिवसा कोरडं आणि दाटी असली की तिचं भागतं. तुमचा मांडव किती गच्च आहे ते बघा आधी. खालची झालेली पानं काढा, वारा खेळू द्या. पानं कंपोस्टात नको, पिशवीत बांधून बाहेर.

डावणी असती तर बोर्डो मिश्रण सांगितलं असतं. लिटरला १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १० ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, प्लास्टिकच्याच भांड्यात, त्याच दिवशी संपवायचं. लोखंडी खिळा बुडवून तांबूस झाला तर चुना कमी पडला. पण तुम्हाला आत्ता याची गरज नाही.

ओवी_पुणे

पान उलटं केलं, खाली लव नाही. भुरीच दिसते. धन्यवाद दादा. वांग्याच्या पानामागे मात्र काहीतरी हलतंय, चष्मा लावूनही नीट दिसत नाही.

शेतीकाका

निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वांग्यावर लाल कोळी. खात्री करायची तर पांढरा कागद पानाखाली धरा आणि पानावर टिचकी मारा. कागदावर धुळीचे कण पडतील. क्षणभर थांबा. कण चालायला लागले की कोळी. हा कीटक नाही, आठ पायांचा, कोळ्यांच्या कुळातला, त्यामुळे साध्या कीटकनाशकाने हटत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकोळी मरतात आणि हा वाढतो. धूळ आणि कोरडी हवा त्याला मानवते. पहिला उपाय फुकट आहे: पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून, एक दिवसाआड. जाळं तुटतं, कोळी खाली पडतात. वांग्याला शेणखत-युरियाचा मारा चालू असेल तर थांबवा, लुसलुशीत पान त्यांना फार आवडतं.

त्यावर साबणाचं पाणी चालतं. पण भांड्याचं लिक्विड म्हणजे साबण नव्हे, डिटर्जंट आहे. पानावरचा मेणाचा थर ते धुऊन काढतं, मग ऊन लागलं की कडा करपतात. पोटॅशचा पातळ साबण मिळतो, लिटरला ५ मिली. नाहीतर रिठे भिजवून कुस्करा. साबण ज्याच्या अंगाला लागतो त्यालाच मारतो, वाळला की त्याचं काम संपलं, आणि अंडी वाचतात. म्हणून आठवड्याने परत.

भुरीवर दूध. हसू नका. ब्राझीलमध्ये वॅग्नर बेत्तिओल या संशोधकाने १९९९ साली हरितगृहात झुकिनीवर, म्हणजे दुधीच्याच कुळातल्या वेलावर, ताज्या दुधाच्या पाण्याचे प्रयोग छापले. १० टक्के किंवा त्याहून जास्त दूध आठवड्याला मारलं तेव्हा भुरी रासायनिक औषधाइतकीच आटोक्यात राहिली. घरी एक वाटी दूध, नऊ वाट्या पाणी. साय काढलेलं घ्या, वास कमी येतो. सकाळी ऊन यायच्या सुमारास, पानाच्या दोन्ही बाजूंना. जास्त दाट केलं तर पानावर वेगळीच बुरशी चढते. वेलाला ती फारसं काही करत नाही, पण दिसतं घाण. ताक याच्याच जवळचं आहे, फक्त नाकाने न मोजता गाळून आणि भरपूर पातळ करून मारा, नाहीतर नोझल चोंदतं.

खायचा सोडाही भुरीवर चालतो, लिटरला ५ ग्रॅम आणि थोडा साबण. पण त्यातलं सोडियम कुंडीच्या मातीत साठत जातं. शेतात पावसाने वाहून जाईल, पिंपात कुठे जाणार? म्हणून तो मी एखाद्या वेळेपुरताच ठेवतो.

रानमेवा

काका, दूध काय, ताक काय! दशपर्णी करा ताई. कडुनिंब, करंज, निर्गुडी, सीताफळ, पपई, एरंड, रुई, घाणेरी, कण्हेर, धोतरा. महिनाभर कुजवा, कसलीच कीड राहत नाही.

शेतीकाका

रानमेवा, शेतावर दशपर्णीला माझी ना नाही. पण कण्हेर आणि धोतरा या दोन्ही विषारी वनस्पती आहेत आणि इथे मुलं काकडी वेलावरून तोडून खातात. शिवाय तो अर्क शेण-गोमूत्रात महिनाभर कुजतो. काकूंचे कपडे विसरलात का?

तंबाखूचं पाणी तर अजिबात नको. निकोटीन हे विष कातडीतूनही शरीरात जातं. "नैसर्गिक" म्हटलं म्हणून सौम्य होत नाही. आणि तंबाखू, वांगी, मिरची, टोमॅटो एकाच कुळातले. तंबाखूतला मोझॅक विषाणू हाताला लागून मिरचीवर जातो, त्याला औषध नाही. तंबाखू मळणाऱ्याने हात धुतल्याशिवाय मिरचीच्या रोपाला हात लावू नये, हे मी गावोगाव सांगत फिरलो आहे. ऐकलं किती जणांनी ते सोडा.

पिवळा_डबा

नीम तेलाचं कोणी बोललं नाही अजून? पण ते फक्त किडीवर ना? बुरशीवर थोडंच चालतं.

मैत्रेयी_ब

चालतं, आणि त्यावरून युरोपात मोठा खटला झाला होता! अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला नीम तेलाच्या नेमक्या बुरशीनाशक वापरावर युरोपियन पेटंट मिळालं होतं, १९९४ मध्ये. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि इतरांनी हरकत घेतली. २००० साली पेटंट रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं. त्यात १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत झालेल्या फवारणीच्या चाचण्यांची साक्ष आली होती. म्हणजे ओवी, तुमच्याच जिल्ह्यात हे आधीच करून झालंय. विषयांतराबद्दल क्षमस्व, पण हे सांगितल्याशिवाय राहवेना.

ओवी_पुणे

असली विषयांतरं हवीतच! मग नीम तेल कसं करायचं? माझं तर बाटलीतच तुपासारखं गोठलंय.

शेतीकाका

घाण्याचं असेल तर थंडीत गोठणारच, शंका घेऊ नका. बाटली कोमट पाण्यात ठेवा. मग क्रम महत्त्वाचा: आधी थोड्या कोमट पाण्यात साबण विरघळवा, त्यात ५ मिली तेल घालून दुधाळ होईपर्यंत ढवळा, मग बाकीचं पाणी घालून लिटर पुरा करा. थेट पाण्यात तेल ओतलं तर वर तरंगतं. पंपातून आधी नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या झाडाला सगळं तेल, ते झाड जळतं. मधूनमधून पंप हलवत राहा. मारायचं ऊन उतरल्यावर, कारण त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, उन्हात टिकत नाही. आधी एका पानावर मारून दोन दिवस बघा.

निंबोळ्या मिळाल्या तर त्याहून उत्तम. ५० ग्रॅम निंबोळी पावडर फडक्यात बांधून रात्रभर भिजवा, सकाळी पिळून गाळा, लिटरभर करा. हा पाच टक्के अर्क त्याच दिवशी वापरायचा.

निफाडकर

एक भर घालतो. दूध-नीमने भुरी ऐकली नाही तर लोक पाण्यात विरघळणारं गंधक सांगतील, लिटरला २ ग्रॅम. सेंद्रिय शेतीतही चालतं, भुरीवर आणि कोळ्यावर दोन्हीवर लागू. पण तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नको आणि गंधकानंतर तेल नको, पान जळतं. ऊन तापलं की नुसतं गंधकही भाजतं. आणि काकडी-दुधीचं कूळ गंधकाला हळवं असतं. म्हणून शेवटचा पर्याय, तोही एका पानावर करून बघून.

चिंचगूळ

जास्वंदीचं राहिलंच की. तो पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचा कापूस असतो, पाणी नुसतं ओघळून जातं. कानकोरणीचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला टिपा. टिपला की पांढरा थर विरघळून खालचा गुलाबी-पिवळा ढेकूण दिसतो, घाणेरडं पण समाधानाचं काम आहे. जास्त भरलेले शेंडे सरळ छाटा. मग साबण-नीम. आणि मुंग्या आवरा, त्याशिवाय सगळं फुकट. ढेकूण जो चिकट गोड रस सोडतात त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. त्याच रसावर ती काळी काजळी चढते. कुंडी कठड्याला आणि भिंतीला टेकू देऊ नका, खाली विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटलीत ठेवा.

ओवी_पुणे

छाटले. मुंग्यांची रांग खरंच कठड्यावरून येत होती, कुंडी सरकवली. आणि पिवळे भुंगे?

मैत्रेयी_ब

फोटो बघितला. मारू नका! लिंबासारखे पिवळे, पाठीवर एकही ठिपका नाही, मानेशी पांढऱ्यावर दोन काळे ठिपके, म्हणजे इलिस जातीचे लेडीबर्ड. हे मावा खात नाहीत, भुरीच खातात. त्यांच्या अळ्या पानावर फिरतील, फिक्या रंगाच्या, अंगावर काळे ठिपके, त्याही राहू द्या. वांग्यावर मात्र विटकरी रंगाचे, भरपूर काळ्या ठिपक्यांचे भुंगे दिसले आणि पान कुरतडून त्याची जाळी झाली असेल तर ते वेगळे, पान खाणारे. ते हाताने वेचून साबणाच्या पाण्यात.

ओवी_पुणे

वा! म्हणजे ते माझ्या बाजूने होते. आता असं ठरवते: दुधी-काकडीवर सकाळी दूध आठवड्याला, वांग्याला पाण्याचा फवारा आणि मग साबण, जास्वंदीला स्पिरिट. नीम संध्याकाळी, सगळ्यांवर?

शेतीकाका

सगळ्यांवर नको. दुधीवर इलिस काम करतायत तोवर तिथे नीम मारू नका, दूध पुरे. वांगी आणि जास्वंद यांना द्या. काकडी मुलांच्या हाती लागण्याआधी धुवा, दूध असलं तरी.

निफाडकर

आणि दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, काकडीचं सकाळी. दुधीवर पुढे कधी नीम मारायची वेळ आलीच तर फुलं उघडायच्या आत उरका किंवा फुलं टाळून मारा, नाहीतर परागकण ओले होऊन दुधी धरायची नाही. काकडीवर दूध मारताना नळी पानांवर धरा, सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. चौथ्या मजल्यावर रात्रीचे पतंग येत नसतील तर नर फूल तोडून मादी फुलाला स्वतःच लावा. मादी फुलामागे इवलीशी दुधी असते, ओळखायला सोपं.