‘रिलक्टंट’चा अर्थ पाठ आहे, वाक्य जमेना

प्रश्नकर्ती (राजारामपुरी, कोल्हापूर)
बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. वहीत डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं मराठी अर्थ, अशी मोठी यादी केलोय. ‘रिलक्टंट’ म्हणजे ‘नाखूश’ हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतो. वाक्य केलो, ‘आय ॲम रिलक्टंट विथ माय रिझल्ट’. सर म्हणाले, चूक. का चूक? निकालावर मी नाखूश आहेच की!

उत्तर
ताई, घोळ ‘नाखूश’मध्ये आहे. मराठीत माणूस निकालावर नाखूश असतो आणि लग्नाला जायलाही नाखूश असतो. ‘रिलक्टंट’ फक्त दुसऱ्या जागी चालतो, म्हणजे काहीतरी करायचं आहे आणि मन होत नाही. म्हणून त्याच्यामागून बहुतेक वेळा ‘टू’ आणि क्रियापद येतं: ‘शी वॉज रिलक्टंट टू लेंड हर कझिन द मनी.’ निकालासाठी ‘अनहॅपी विथ’ घ्या.

मला विचाराल तर ‘रिलक्टंट’ला सगळ्यात जवळचं मराठी म्हणजे ‘जिवावर येणं’. पैसे द्यायचं जिवावर आलं. मग दिले की नाही? ते ठरलेलं नाही, पण दिलेही असतील. ‘रिलक्टंटली’ झालं की मात्र काम झालेलंच असतं. ‘ही रिलक्टंटली अग्रीड’ म्हणजे आढेवेढे घेत का होईना, गडी हो म्हणाला. ‘रिफ्यूज्ड’ असतं तर विषयच संपला. यादीतल्या एका शब्दात हे मावत नाही, उदाहरणाच्या वाक्यात आपोआप येतं.

म्हणून इंग्रजी–मराठी कोशाच्या जोडीला शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी–इंग्रजी कोश ठेवा. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानात शिकवत होते. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला असा कोश १९४२ मध्ये तिथंच निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापला. लाँगमनच्या १९७८ च्या कोशात व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांत बसवल्या, म्हणजे अर्थ बघायला जाऊन आणखी चार अवघड शब्द गळ्यात पडत नाहीत. १९८७ च्या ‘कोबिल्ड’ नावाच्या कोशानं तर व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली, ‘तुम्ही अमुक करायला रिलक्टंट असाल तर…’ अशा थाटात. बऱ्याच नवख्यांना हा थाट सोपा जातो.

दुसरे सदस्य
भावा, एवढं कोश उघडत बसाय वेळ कुणाला हाय? पेपरात समानार्थी शब्द येतात. यादी पाठ कर, खूण कर, सुटलास.

उत्तर
समानार्थीपुरती यादी चालेल, नाही म्हणत नाही. पण त्याच पेपरात गाळलेल्या जागा आणि चुका शोधणंही असतं. ‘डिस्कस’ घ्या. अर्थ ‘चर्चा करणं’, सगळ्यांना पाठ. आपण ‘विषयी चर्चा’ म्हणतो, म्हणून ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्लॅन’ लिहून मोकळे. तिथं ‘अबाउट’ नको. कोशातलं एक वाक्य नीट वाचलं असतं तर कळलं असतं.

‘कॉज’ त्याहून गमतीचा. अर्थ ‘घडवून आणणं’. मग ‘वस्तादांनी खासबागेच्या कुस्ती मैदानात पठ्ठ्याला जिंकवलं’ याचं ‘द कोच कॉज्ड हिज व्हिक्टरी’ करावं का? व्याकरणात काही चूक नाही, पण इंग्रजी कानाला खटकतं. क्रियापद म्हणून ‘कॉज’च्या मागं बहुधा वाईटच येतं: ॲक्सिडेंट, डॅमेज, डिले, ट्रबल. पटत नसेल तर ‘वस्ताद विजयाला कारणीभूत ठरले’ असं म्हणून बघा. जणू वस्तादांवर आरोपपत्रच! ‘कारणीभूत’लाही बहुधा अपघात नाहीतर पराभवच लागतो. अशी मराठी जोडी सापडली की ती उदाहरणाखाली लिहून ठेवावी.

तिसरे सदस्य
वाक्य कोशातलं उतरवायचं की स्वतःचं करायचं?

उत्तर
दोन्ही, पण आधी कोशातलं. शब्दापुढं काय येतं ते त्यात बघा, मग तोच साचा ठेवून आपल्या गावचं, आपल्या घरातलं वाक्य करा. चार दिवसांनी अर्थ झाकून वाक्य वाचा आणि अर्थ आठवतो का बघा. उलट दिशेनंही करा.

मूळ प्रश्नकर्ती
‘आय वॉज रिलक्टंट टू गो टू पन्हाळा इन द रेन.’ आता? आणि इथं ‘हेझिटंट’ चाललं असतं काय?

उत्तर
वाक्य बरोबर. ‘हेझिटंट’ही व्याकरणात बसेल, पण अर्थ सरकेल. ‘रिलक्टंट’मध्ये जायचं मनच नाही. ‘हेझिटंट’मध्ये जावं की न जावं, अशी चलबिचल. घाटात दरड कोसळेल का, या विचारानं थांबला असाल तर ‘हेझिटंट’. पांघरूण सोडवत नव्हतं, तर ‘रिलक्टंट’च.