कोरडवाहू मालदांडी ज्वारीला जिवाणू: कोणते घ्यावेत, कसे लावावेत?

भीमाकाठ:
मंगळवेढ्याकडची काळी जमीन, 4 एकर मालदांडी, पाण्याची सोय नाही. पेरणीनंतर सगळी भिस्त जमिनीतल्या ओलीवर. दुकानात ॲझोस्पिरिलम (नत्र स्थिर करणारे जिवाणू), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणि ‘दुष्काळरोधक’ म्हणून बऱ्याच बाटल्या आहेत. खरा उपयोग कशाचा? बियाण्याला लावायचे की फवारायचे? बियाण्याला गंधक आणि खोडमाशीचे औषधही लावायचे आहे. जाणकारांनी मात्रेसह सांगावे.

मुळाक्षर:
आधी अपेक्षा नीट ठरवा. जिवाणू पाणी तयार करत नाहीत. ओल कमी झाली की मुळात इथिलीन वाढते आणि मुळाची वाढ खुंटते. काही स्यूडोमोनास आणि बॅसिलस जिवाणूंकडे एसीसी डीअमिनेज हे विकर (एन्झाइम) असते. इथिलीन ज्या एसीसीपासून बनते, तेच ते फोडतात, त्यामुळे मूळ खाली जात राहते. काही जिवाणू चिकट शर्करा सोडतात, तिच्यामुळे मुळाभोवती माती धरून राहते. ॲझोस्पिरिलममुळे तंतुमुळे वाढतात. फायदा एवढाच, पण खाली ओल शिल्लक असेल तर तो मोलाचा. फूटभरावर मुरूम लागणाऱ्या उथळ रानात फार आशा धरू नका.

म्हणून जिवाणू पेरणीलाच द्यायचे. पीक सुकायला लागल्यावर जमिनीत ओतले तर वरच्या कोरड्या थरातच मरतात.

एकरी 4 किलोने तुमचे बियाणे 16 किलो. भुकटी असेल तर ॲझोस्पिरिलम आणि पीएसबी प्रत्येकी 25 ग्रॅम प्रति किलो, म्हणजे 400-400 ग्रॅम. 1 लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. बियाणे ओलसर होईल एवढेच गूळपाणी घ्या. जास्त झाले की गोळे होतात आणि पाभरीतून (पेरणीच्या अवजारातून) बी सारखे पडत नाही. गोणपाटावर सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

बीजसंस्कार:
क्रम चुकला तर वरची सगळी मेहनत वाया. आधी 300 मेश गंधक, 4 ग्रॅम प्रति किलो (काणी या बुरशीरोगासाठी). मग खोडमाशीचे औषध, लेबलवरच्या मात्रेने. ते पूर्ण सुकू द्या. जिवाणू सर्वांत शेवटी, पेरणीच्या आधी तासा-दोन तासांत.

बियाणे कंपनीकडूनच रंगीत, औषध लावलेले आले असेल तर त्यावर जिवाणू लावूच नका, फार टिकत नाहीत. त्याऐवजी एकरी 2 किलो भुकटी 50 किलो चाळलेल्या, कुजलेल्या शेणखतात मिसळा, थोडे पाणी शिंपडून रात्रभर सावलीत झाका आणि पेरणीच्या वेळी सरीत द्या. दोन चाड्यांच्या (बी-खत सोडायच्या तोंडांच्या) पाभरीने देणार असाल तर खत भुरभुरीत हवे, ओलसर खताने चाडे तुंबते. त्या चाड्यात 18:46 (डीएपी) किंवा युरिया मिसळू नका. खताच्या क्षारांनी जिवाणू मरतात.

भीमाकाठ:
पेरणीनंतर ताण पडलाच तर फवारणीचे काय? आणि बाटली चांगली की वाईट, हे ओळखायचे कसे?

मुळाक्षर:
पानांसाठी पीपीएफएम, म्हणजे गुलाबी रंगाचे मिथायलोबॅक्टेरियम. पान जे मिथेनॉल बाहेर सोडते त्यावर ते जगतात. तमिळनाडू कृषी विद्यापीठ ताणासाठी त्यांची शिफारस करते. एकरी 500 मिली, 200 लिटर पाण्यात, संध्याकाळी. ज्वारीला ताण सर्वांत जास्त बाधतो तो पोटरीत (कणीस पानाच्या आत असताना, 50 ते 55 दिवस) आणि फुलोऱ्यात (70 ते 75 दिवस). पाने दुपारी वळून संध्याकाळी सरळ होतात तेव्हाच फवारा. सकाळीही वळलेलीच असतील तर उशीर झाला. 13:00:45 (पोटॅशियम नायट्रेट) ची फवारणी करायची तर वेगळी, त्याच टाकीत नाही. बुरशीनाशकापासून 8-10 दिवसांचे अंतर ठेवा. पंप आधी धुऊन घ्या आणि नळाचे क्लोरीनचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मगच वापरा.

बाटलीवर जिवाणूचे शास्त्रीय नाव, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख बघा. खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूपात दर मिलीला किमान 10 कोटी आणि भुकटीत दर ग्रॅमला 5 कोटी जिवंत जिवाणू हवेत. नुसते ‘दुष्काळरोधक’ लिहिलेली, जिवाणूचे नाव नसलेली बाटली परत ठेवा. पत्र्याखाली तापलेल्या दुकानातला मालही नको, मुदत बाकी असली तरी. 200 लिटरच्या टाकीत गूळ घालून एका बाटलीतून वाढवण्याचा सल्ला मिळेल, तोही टाळा. उघड्या टाकीत हवेतले आणि पाण्यातले दुसरेच जंतू वाढतात, मूळ जिवाणू किती उरले ते कळत नाही.

कोळपे:
हे सगळे करून कोळपणी (ओळींमधली माती हलवणे) चुकवली तर उपयोग नाही. पहिली तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा बुजतात. काळ्या रानाची ओल भेगांतूनच उडते.

आणि चार तासे (ओळी) जिवाणू न लावता पेरा, बाकी सगळे सारखे ठेवून. ती तासे रानाच्या मधोमध घ्या, बांधालगत नको. काढणीला कणसांचे आणि कडब्याचे वजन वेगवेगळे करा. मालदांडीत कडब्याचेही पैसे होतात, तेव्हा फरक दोन्हींत मोजा.